स्थानिक नाव

ग्रामपंचायतीची नोंदवही.
पान आडवं, रकाने नऊ,
आणि दिवसाला अडीचशे रुपयांत
गावातला जीवन् जीव मी त्यात बसवायचा.

साप झाले. बोडीतले मासे झाले.
धानाच्या चौदा जाती, त्यातल्या नऊ फक्त आठवणीतल्या,
त्याही झाल्या.
दसऱ्यानंतर पूर्वेकडून वादळाचं शेपूट फिरून गेलं
आणि दुसऱ्या सकाळी झिबलकाका
पाळीवरून दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आले.
"पाय वं पोरी, हे आपल्या इथलं नोहे."

पाठीला काजळी, पोटाला चुना,
शेपटीला कात्रीसारखी फाट.
बोटांत पडदे, पण पाय असे
जसे कुणी वापरलेच नव्हते.
मी मुरमुऱ्याएवढी मासोळी पुढं धरली.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मासोळीकडं नाही.
दुपारी सुपाखाली ते गेलं.

टेकडीवर रेंज येते. तिथून सरांना फोटो धाडला.
सर म्हणाले, सुरय आहे, खाऱ्या पाण्यावरचा.
घरट्यातून एकदा उडाला
की वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही,
झोपतो तोही उडता उडता.
पाण्यावर बसला तर पिसं भिजतात, बुडतो.
मी विचारलं, मग बसायचं कुठं त्यानं?
रेंज गेली.

पडवीत पुस्तकलामावशीच्या कोशांच्या माळा.
रात्रीतून सात फुटल्या होत्या.
विटकरी पंख वाळत घातल्यासारखे,
प्रत्येक पंखाला अभ्रकाचा एक डोळा;
त्यातून पाहिलं तर पलीकडचा येन दिसतो.
"याले तोंडच नाही," मावशी म्हणाली.
"खाऊन आलं हाये थे, अळीच्या जलमात.
आता आठ दिवस नुसतं जगते."

दोघांना एकाखाली एक ओळ दिली.
सृष्टी: प्राणी.
सृष्टी: प्राणी.
इथं जरा हात रेंगाळला.
पुढच्याच रकान्यात वाट फुटली,
एकाला कणा, एकाला नाही,
आणि मग फुटतच गेली:
वर्ग पक्षी, वर्ग कीटक,
हा कुरवांच्या कुळातला,
तो खवलेपंख्यांच्या गणातला.
एवढा मोठा संसार, नि भांडण पहिल्याच उंबऱ्यावर.

संवर्धन स्थिती.
सुरय: चिंता नाही. जगात लाखोंनी आहेत.
लिहिताना सुपाकडं बघायचं टाळलं.
कोशाचं पाखरू: तपासणी झालेली नाही.

हे मावशीला वाचून दाखवलं,
तर हातातली माळ खाली ठेवून ती हसली.
"नाही झाली? काहून वं?
अंडी घातली का एकेक माय खलात कुटतेत,
काचेखाली ठेवून पायतेत रोग हाये का.
औंदा माह्या दोनशे माया तपासल्या साहेबानं.
लिव्ह नं, दोनशे."

दोनशेसाठी रकाना नव्हता.

शेवटी मी सुरुवातीकडं आले,
जो रकाना सर्वांत सोपा म्हणून मागं ठेवला होता.
काका, याला काय म्हणायचं?
"पाखरू."
आणि हे माळेवरचं?
"थेही पाखरूच. दुसरं काय?"

मी दोनदा तेच लिहिलं.

सुरयाला येनाच्या बुडाशी पुरलं.
तोवर दिवा लागला होता,
आणि नर पाखरं मावशीच्या माळांकडं यायला लागली होती,
काळोखातून, नेमकी,
कुणी नावानं हाक मारल्यासारखी.

महिन्याभरानं वही परत आली.
लाल शाईत: एकच नाव दोन जीवांना. दुरुस्ती करावी.
मी पुन्हा पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.
दुरुस्ती केली नाही.
त्या दिवसाचे अडीचशे
अजून यायचे आहेत.